कलनाचा शोध कोणाचा? न्यूटन, लायब्निझ आणि संगमग्रामचे माधव

नाशिक रोड येथे बारावीत शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने राष्ट्रीय गणित दिनाच्या भित्तिपत्रकासाठी प्रश्न विचारला आहे. तो असा: "कलनशास्त्राचा, म्हणजे कॅल्क्युलसचा, शोध न्यूटन यांनी लावला असे एका पुस्तकात आहे आणि लायब्निझ यांनी लावला असे दुसऱ्यात आहे. घरच्या व्हॉट्सॲप गटावर आलेला मजकूर तर सांगतो की तो केरळातील माधव यांनी अडीचशे वर्षे आधीच लावला होता व युरोपीयांनी तो इथून नेला. सर, भित्तिपत्रकावर कोणाचे नाव लिहू?"

पदवीच्या वर्गांना कलन व गणिताचा इतिहास हे दोन्ही विषय मी दीर्घकाळ शिकवत आलो आहे आणि हा प्रश्न मला मनापासून महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी थेट उत्तर देतो. भित्तिपत्रकावर असे लिहावे: "अवकलन आणि समाकलन यांना एकत्र बांधणारी सर्वसाधारण पद्धत न्यूटन यांनी १६६५-६६ मध्ये आणि लायब्निझ यांनी १६७५ मध्ये परस्परांपासून स्वतंत्रपणे शोधली, वर्तुळाशी निगडित अनंत श्रेढी आणि त्यांच्या सिद्धता मात्र माधव व त्यांच्या परंपरेने केरळात त्यापूर्वी दीड ते अडीच शतके मिळवल्या होत्या." (अनंत श्रेढी म्हणजे न संपणारी बेरीज.) एका नावाची जागा असेल तर ती मोकळी ठेवावी, कारण एक नाव लिहिताच विधान चुकीचे होते. असे का, ते पुढे सांगतो.

वादाचा निम्मा भाग "कलन" म्हणजे नेमके काय हे न ठरवल्यामुळे उभा राहतो. पावसाळ्यात गंगापूर धरणातून गोदावरीत किती क्युसेक विसर्ग सुरू आहे, ही बातमी नाशिककर रोज वाचतात. क्युसेक हा दर आहे, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी जाते ते. समजा ५,००० क्युसेकचा विसर्ग सलग तीन तास स्थिर राहिला, तर एकूण ५ कोटी ४० लाख घनफूट पाणी सुटले, हे साध्या गुणाकाराने कळते. पण विसर्ग क्षणाक्षणाला बदलत असेल, तर काळाचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक तुकड्यातील पाणी मोजावे लागते व त्यांची बेरीज करावी लागते; हे समाकलन झाले. उलट, आतापर्यंत एकूण किती पाणी सुटले याची क्षणोक्षणीची नोंद हाती असेल, तर त्या नोंदीवरून एखाद्या क्षणीचा विसर्ग काढणे हे अवकलन झाले. ही दोन्ही कामे एकमेकांच्या उलट आहेत, एक केले की दुसरे पुसले जाते, या विधानाला कलनाचे मूलभूत प्रमेय म्हणतात.

बारीक तुकड्यांची बेरीज करणे ही प्राचीन कला आहे. वक्राची स्पर्शिका किंवा क्षणाचा वेग काढणे ही दुसरी कला आहे. या दोन कला एकच आहेत हे ओळखणे, ते कोणत्याही वक्रासाठी खरे आहे हे पाहणे, आणि नव्या उदाहरणासाठी नवी युक्ती न शोधता ठरलेल्या नियमांनी उत्तर काढता येईल अशी यंत्रणा उभी करणे, हे त्यापुढचे पाऊल आहे. जो लेखक या पायऱ्या वेगळ्या करत नाही, तो आपल्या आवडीच्या माणसाला हवे ते श्रेय देऊ शकतो. दोन्ही बाजूंचा बराचसा मजकूर मला याच प्रकारचा आढळतो.

युरोपातील पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीज यांनी अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, खंडाचे क्षेत्रफळ त्यातील त्रिकोणाच्या ४/३ पट असते हे सिद्ध केले होते. सतराव्या शतकात काव्हालिएरी यांनी १६३५ मध्ये अविभाज्य रेषांची कल्पना मांडली, फर्मा यांनी त्याच दशकात महत्तम-लघुत्तम व स्पर्शिका काढण्याची रीत दिली, वॉलिस यांनी १६५६ मध्ये घातांच्या बेरजांचे नियम छापले आणि केंब्रिजचे आयझॅक बॅरो यांच्या १६७० च्या भूमितीवरील व्याख्यानांत तर स्पर्शिका व क्षेत्रफळ यांचे उलटे नाते भूमितीच्या भाषेत प्रत्यक्ष सिद्ध केलेले आहे. म्हणजे न्यूटन व लायब्निझ मोकळ्या माळावर उभे नव्हते. बॅरो यांचे प्रमेय मात्र इतर अनेक भौमितिक प्रमेयांसारखेच एक प्रमेय म्हणून येते; त्याच्यावर साऱ्या विषयाची उभारणी करता येईल, असे त्यांनी त्याच्याकडे पाहिलेले दिसत नाही.

न्यूटन यांनी वॉलिस यांचे पुस्तक वाचले, त्यातील आंतरगणनाच्या, म्हणजे ज्ञात मूल्यांवरून मधली मूल्ये काढण्याच्या, युक्तीवरून १६६४-६५ च्या हिवाळ्यात द्विपद प्रमेय अपूर्णांक घातांपर्यंत नेले आणि प्लेगमुळे केंब्रिज बंद असताना वूल्सथॉर्पच्या घरी या विषयाचा मोठा भाग पुरा केला. ऑक्टोबर १६६६ मध्ये त्यांनी लिहिलेल्या टिपणात राशी काळाबरोबर वाहतात अशी कल्पना आहे. त्यांच्या वाहण्याच्या वेगाला त्यांनी पुढे फ्लक्शन हे नाव दिले. १६६९ मध्ये अनंत श्रेढींवरचा निबंध बॅरो यांच्यामार्फत लंडनच्या जॉन कॉलिन्स यांच्याकडे गेला, १६७१ मध्ये फ्लक्शनवरचा मोठा ग्रंथ लिहून झाला. यातले काहीही तेव्हा छापले गेले नाही. १६६९ चा निबंध १७११ मध्ये छापला गेला आणि १६७१ चा ग्रंथ तर न्यूटन यांच्या मृत्यूनंतर, १७३६ मध्ये. फ्लक्शनवरचा त्यांचा पहिला सविस्तर छापील निबंध १७०४ मध्ये प्रकाशविज्ञानाच्या ग्रंथाला जोडून आला. पुढच्या साऱ्या भांडणाचे मूळ या न छापण्यात आहे असे माझे मत आहे.

लायब्निझ १६७२ मध्ये पॅरिसला आले तेव्हा त्यांचे गणिताचे शिक्षण बेताचे होते. डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तीन-चार वर्षांत जी मजल मारली ती थक्क करणारी आहे. २९ ऑक्टोबर १६७५ या तारखेच्या त्यांच्या कागदावर बेरजेसाठी लांबट एस हे चिन्ह प्रथम दिसते आणि त्यानंतर पंधरवड्याच्या आत फरकासाठी डी हे अक्षर येते. नोव्हेंबर महिन्यातील कागदांत दोन राशींच्या गुणाकाराचे अवकलन म्हणजे त्यांच्या अवकलनांचा गुणाकार असेल का, असा प्रश्न ते स्वतःलाच विचारतात, उदाहरण घेऊन तपासतात व तसे नाही हे ठरवतात. अकरावी-बारावीत असंख्य मुलांचे पाऊल जिथे अडखळते, तिथेच ते क्षणभर अडखळले होते. लायब्निझ यांनी चोरी केली असे म्हणणाऱ्यांपुढे मी नेहमी हे कागद ठेवतो, कारण दुसऱ्याचा तयार नियम उचलणाऱ्याला तो असा चाचपडत शोधावा लागत नाही. १६८४ मध्ये त्यांनी लाइपझिगच्या नियतकालिकात अवकलनाचे नियम छापले आणि १६८६ मध्ये समाकलनावरील लेख दिला. छपाईचा अग्रक्रम निर्विवादपणे त्यांचा आहे.

दरम्यान १६७६ मध्ये रॉयल सोसायटी या लंडनच्या विज्ञानसंस्थेचे सचिव ओल्डनबर्ग यांच्यामार्फत न्यूटन यांनी लायब्निझ यांना दोन लांब पत्रे पाठवली होती. त्यांत श्रेढींविषयी पुष्कळ होते, परंतु मुख्य पद्धत एका लॅटिन वाक्याची अक्षरे मोजून व विस्कटून लिहिली होती. वाहत्या राशींचे समीकरण दिले असता फ्लक्शन काढणे आणि त्याउलट, एवढाच त्या वाक्याचा आशय आहे, आणि तो उलगडला तरी त्यावरून पद्धत कळत नाही. लायब्निझ यांनी जून १६७७ मध्ये उत्तर पाठवले ते मात्र उघड भाषेत आपले अवकलन समजावून सांगणारे होते. त्याआधी, ऑक्टोबर १६७६ मध्ये, लंडनच्या भेटीत त्यांनी कॉलिन्स यांच्याकडे न्यूटन यांचा १६६९ चा निबंध पाहिला होता व त्यातून टिपणे घेतली होती, हे खरे आहे. ही टिपणे हॅनोव्हरच्या ग्रंथालयात आहेत. त्यांत श्रेढींचा भाग उतरवलेला आहे, कारण तो त्यांना नवा होता. वक्राखालील क्षेत्रफळाची जी बाब त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने आधीच सुटली होती, ती त्यांनी उतरवण्याची तसदी घेतलेली नाही.

१६८७ च्या प्रिन्सिपिया या आपल्या ग्रंथात न्यूटन यांनी स्वतःच नमूद केले होते की लायब्निझ यांनी कळवलेली पद्धत शब्द व चिन्हे सोडता आपल्या पद्धतीहून फारशी वेगळी नव्हती. वाद तिथेच संपायला हवा होता. पण १६९९ मध्ये न्यूटन यांचे समर्थक फातियो द द्युइलिए यांनी लायब्निझ यांच्यावर उसनवारीचा संशय व्यक्त केला. १७०५ मध्ये लायब्निझ यांनी नाव न देता लिहिलेल्या एका परीक्षणात न्यूटन यांच्या फ्लक्शनविषयी अशी तुलना केली की न्यूटन हेच अनुकरण करणारे आहेत असा अर्थ निघावा. आणि न्यूटन यांच्या बाजूचे जॉन कील यांनी १७०८ च्या लेखात लायब्निझ यांच्यावर उघड आरोप केला. लायब्निझ स्वतः रॉयल सोसायटीचे सदस्य होते, म्हणून त्यांनी तिच्याकडेच दाद मागितली. मार्च १७१२ मध्ये समिती नेमली गेली, एप्रिलमध्ये निर्णय आला. सोसायटीचे अध्यक्ष न्यूटन होते, लायब्निझ यांना बाजू मांडण्यास बोलावले गेले नाही, आणि अहवालाचा मसुदा न्यूटन यांच्याच हस्ताक्षरात उपलब्ध आहे. एवढ्यावर न थांबता १७१५ मध्ये त्या अहवालाची स्तुती करणारे निनावी परीक्षणही न्यूटन यांनीच लिहिले. १७१६ मध्ये लायब्निझ वारले. तरीही १७२६ च्या प्रिन्सिपियाच्या तिसऱ्या आवृत्तीतून त्यांच्याविषयीचा तो उल्लेख काढून टाकण्यात आला. न्यूटन यांच्या प्रतिभेविषयी माझ्या मनात अपार आदर आहे, पण हे वागणे अन्यायाचे होते आणि ते तसे स्पष्ट म्हणायला हवे.

त्याची किंमत इंग्लंडने मोजली. युरोप खंडात बर्नुली बंधू, लोपिताल आणि पुढे ऑयलर लायब्निझ यांच्या चिन्हांनी झपाट्याने पुढे गेले, तर ब्रिटिश गणिती अभिमानापोटी न्यूटन यांच्या ठिपक्यांच्या चिन्हांना चिकटून राहिले. १८१२ मध्ये बॅबेज, हर्शेल व पीकॉक या केंब्रिजच्या तरुणांनी खास मंडळ स्थापून लायब्निझ यांची चिन्हे आणण्याची चळवळ केली, तेव्हा ही कोंडी फुटू लागली. आज आपण वर्गात लिहितो ती डी आणि लांबट एस ही चिन्हे लायब्निझ यांची आहेत. वेगासाठी अक्षरावर ठिपका देण्याची न्यूटन यांची रीत भौतिकशास्त्रात टिकली आहे.

आता भारताकडे वळू, आणि इथे मी अधिक सावकाश जाणार आहे, कारण याविषयी अभिमानाने बोलणारे खूप आहेत आणि प्रत्यक्ष गणित उघडून पाहणारे फार थोडे.

नाशिकहून भुसावळच्या गाडीने मनमाड, नांदगाव ओलांडले की चाळीसगाव येते. तिथून जवळच डोंगराच्या कुशीत पाटणे येथे, पाटणादेवीच्या परिसरात, शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला व त्याला निकुंभ वंशाच्या राजांनी दान दिले, अशी नोंद त्यात आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्य स्वतः आपले गाव सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेले असल्याचे सांगतात. शके १०३६ मध्ये, म्हणजे १११४ मध्ये, जन्मलेल्या भास्कराचार्यांनी छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी लिहिला. कलनाच्या इतिहासात ज्याचा उल्लेख व्हायलाच हवा असा हा ग्रंथ आपल्या इतक्या जवळच्या प्रदेशाशी जोडलेला आहे, हे आपल्याकडच्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

भास्कराचार्यांपुढचा प्रश्न पंचांगाचा होता. चंद्र दिवसाला सरासरी १३ अंशांहून थोडा अधिक सरकतो, पण ही गती साधारण १२ ते १५ अंशांच्या दरम्यान बदलत राहते. तिथी नेमकी कधी संपते हे काढताना दिवसभराची सरासरी गती घेतली तर घटका चुकतात. म्हणून त्या वेळेची गती, त्यांच्या शब्दांत तात्कालिकी गती, घ्यावी असे ते सांगतात. ती काढताना ते ज्येच्या बारीक फरकाचा नियम वापरतात: कोन किंचित वाढवला तर ज्येतील वाढ ही कोनातील वाढ गुणिले कोटिज्या भागिले त्रिज्या इतकी असते. आजच्या भाषेत, साइनचे अवकलन कोसाइन. पडताळा सोपा आहे. त्रिज्या १ घेतली तर ३० अंशांवरून ३१ अंशांवर जाताना साइन ०.०१५०४ ने वाढते. एक अंश म्हणजे ०.०१७४५ रेडियन, त्याला ३० अंशांच्या कोसाइनने गुणले की ०.०१५११ येते. कोनातील फरक जितका लहान, तितकी ही दोन उत्तरे जवळ येतात. यात भर म्हणजे, ग्रहाचे मंदफळ, म्हणजे त्याच्या सरासरी स्थानात करायची दुरुस्ती, जिथे सर्वाधिक असते तिथे त्या फळामुळे गतीत होणारा बदल शून्य असतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. महत्तम स्थानी अवकलन शून्य होते, हे तत्त्व आजही आपण वापरतो.

यावरून भास्कराचार्यांनी अवकलनशास्त्र निर्माण केले असे म्हणावे का? माझ्या मते नाही. त्यांनी एका फलनाचे अवकलन अचूक काढले आणि ते योग्य ठिकाणी वापरले. कोणत्याही फलनाला लावता येईल अशी रीत दिली नाही. एवढे म्हटल्याने त्यांची थोरवी तसूभरही कमी होत नाही.

माधव साधारण १३४० ते १४२५ या काळातले, केरळातील संगमग्रामचे. श्रेढींवरचा त्यांचा स्वतःचा ग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांची सूत्रे परमेश्वर, दामोदर, नीलकंठ सोमयाजी, ज्येष्ठदेव व शंकर वारियर या परंपरेच्या लेखनातून, अनेकदा माधवांच्या नावानिशी, आपल्यापर्यंत आली आहेत. नीलकंठांचा तंत्रसंग्रह १५०० च्या सुमाराचा आणि ज्येष्ठदेवांचा युक्तिभाषा हा ग्रंथ १५३० च्या सुमाराचा. युक्तिभाषा मल्याळम भाषेत, गद्यात आहे आणि त्यात सूत्रांबरोबर त्यांच्या उपपत्तीही सविस्तर दिल्या आहेत. भारतीय गणितात सिद्धता नव्हत्या असे जे सरसकट विधान केले जाते, ते हा एक ग्रंथ उघडला की टिकत नाही.

पायच्या श्रेढीची तिथली उपपत्ती पाहा. त्रिज्या १ असलेल्या वर्तुळाला एक एकक लांबीची स्पर्शिका काढायची, म्हणजे तिच्यासमोर वर्तुळाचा आठवा भाग येतो. त्या स्पर्शिकेचे 'न' (कोणतीही मोठी संख्या) इतके समान, अणुपरिमाण भाग करायचे व प्रत्येक विभाजनबिंदू केंद्राला जोडायचा. समरूप त्रिकोणांवरून असे दिसते की प्रत्येक भागासमोरचा कंसाचा तुकडा हा त्या भागाला केंद्रापासूनच्या अंतराच्या वर्गाने भागल्याइतका असतो. तो भागाकार एकातून स्पर्शबिंदूपासूनच्या अंतराचा वर्ग वजा, चौथा घात अधिक, सहावा घात वजा अशा न संपणाऱ्या श्रेढीत उलगडायचा आणि मग सर्व तुकड्यांची बेरीज करायची. या बेरजेसाठी १ पासून न पर्यंतच्या वर्गांची, चौथ्या घातांची, सहाव्या घातांची बेरीज लागते. न फार मोठा असताना वर्गांची बेरीज न च्या घनाच्या एकतृतीयांशाकडे झुकते, चौथ्या घातांची बेरीज न च्या पाचव्या घाताच्या एकपंचमांशाकडे, आणि हा क्रम पुढे असाच चालतो, हे युक्तिभाषा एका घातावरून पुढच्या घाताकडे जात दाखवते. न १० असेल तर वर्गांची बेरीज ३८५ येते आणि घनाचा एकतृतीयांश ३३३. न १०० असेल तर ३,३८,३५० आणि ३,३३,३३३. न १,००० असेल तर दोन्हींतला फरक हजारात दीडच उरतो. शेवटी हाती येते ते असे: पायचा चौथा हिस्सा म्हणजे १ − १/३ + १/५ − १/७ आणि याप्रमाणे पुढे.

हे समाकलनच आहे. घातफलनाखालील क्षेत्रफळ काढण्याचा जो नियम आपण बारावीत पाठ करतो, त्याचा गाभा या बेरजेत आहे, आणि सीमेची कल्पना त्यात डोळसपणे वापरली आहे. हीच श्रेढी युरोपात ग्रेगरी यांच्या १६७१ च्या पत्रातील व्यापक सूत्रात आणि लायब्निझ यांच्या १६७३-७४ च्या कामात येते. ज्या व कोटिज्या यांच्या श्रेढीही केरळात आवर्ती बेरजांनी मिळवलेल्या आहेत.

मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र यानंतरचा आहे. ही श्रेढी अतिशय मंद गतीने जवळ येते. न्यूटन यांनी १६७६ च्या पत्रात लिहिले होते की तिच्यातून वीस दशांशस्थळे सरळ बेरजेने काढायची तर सुमारे पाच अब्ज पदे व हजार वर्षे लागतील. केरळच्या परंपरेत हा अडसर ओळखला गेला होता आणि बेरीज जिथे थांबवली तिथे जोडायचा संस्कार, म्हणजे दुरुस्तीचे पद, दिलेला होता. न पदे घेतल्यावर पहिला संस्कार १ भागिले ४न; दुसरा, न भागिले (४न² + १); तिसरा, (न² + १) भागिले न(४न² + ५). दहा पदे घेऊन हे करून पाहावे. नुसत्या बेरजेला चारने गुणले तर ३.०४१८ येते, म्हणजे पहिलेच दशांशस्थळ चुकते. पहिला संस्कार धरला तर ३.१४१८, दुसरा धरला तर ३.१४१५९०, आणि तिसरा धरला तर ३.१४१५९२७. दहा पदांत सहा दशांशस्थळे अचूक. नऊ निखर्व, म्हणजे ९ × १०^११, व्यासाच्या वर्तुळाचा परीघ २८२७४३३३८८२३३ असतो, असे माधवांचे म्हणून जे मूल्य पुढील ग्रंथकारांनी उद्धृत केले आहे, ते अकरा दशांशस्थळांपर्यंत बरोबर येते. जो माणूस अनंत बेरीज कुठे तोडली तर किती चूक उरते याचा अंदाज घेतो, त्याला अनंत श्रेढी म्हणजे काय हे खोलवर समजलेले असते.

मग माधवांना कलनाचे जनक का म्हणू नये? त्यांच्या परंपरेला काटेकोरपणा कमी होता म्हणून नव्हे. सीमेची काटेकोर व्याख्या १८२१ मधील कोशी यांच्या ग्रंथापर्यंत व त्यानंतर वायरश्ट्रास यांच्यापर्यंत न्यूटन-लायब्निझ यांच्यासह कोणाकडेच नव्हती, त्यामुळे ती कसोटी एकट्या माधवांना लावणे अन्यायाचे ठरेल. खरे कारण वेगळे आहे. केरळचे सारे काम वर्तुळ, ज्या, कोटिज्या आणि ग्रहगती यांच्या परिघात आहे. नीलकंठांनी ज्येच्या व्यस्त फलनाची, म्हणजे कंसाची, गती काढली, अच्युत पिषारटी यांनी दोन राशींच्या भागाकाराची गती काढली; म्हणजे अवकलनही पुढे सरकत होते. पण कोणताही वक्र घ्या, त्याची स्पर्शिका व त्याखालील क्षेत्रफळ ही परस्परांची उलट कामे आहेत, असे विधान तिथे नाही, आणि म्हणून एका उदाहरणातून दुसऱ्या उदाहरणाकडे नेणारी सामान्य यंत्रणाही तिथे उभी राहिलेली नाही. खगोलगणिताला तिची गरज पडली नाही.

हे काम पाठ्यपुस्तकांत उशिरा का आले, हाही रास्त प्रश्न आहे. मलबारात नोकरीस असलेले चार्ल्स व्हिश यांनी १८३० च्या दशकात युक्तिभाषा, तंत्रसंग्रह, करणपद्धती व सद्रत्नमाला या चार ग्रंथांतील श्रेढींवर इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केला होता, पण त्याची दखल जवळपास घेतली गेली नाही. १९४० च्या दशकात मुकुंद मारार व सी. टी. राजगोपाल यांनी आधुनिक गणिताच्या भाषेत हे मांडले, पुढे के. व्ही. सरमा यांनी आयुष्य वेचून हस्तलिखिते संपादित केली, आणि युक्तिभाषेचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर टिपांसह २००८ मध्ये आले. दुर्लक्ष झाले, ते दीर्घकाळ झाले, आणि त्यामागे युरोपकेंद्री दृष्टी होती, हे मी निःसंकोच मान्य करतो.

व्हॉट्सॲपवरच्या मजकुरातला शेवटचा दावा, युरोपीयांनी हे इथून नेले, याचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. सोळाव्या शतकात कोची येथे जेझुइट धर्मप्रसारक होते, त्यांत गणित जाणणारे होते, पंचांगसुधारणेसाठी त्यांना भारतीय कालगणनेत रस होता. म्हणून वाहतूक शक्य होती, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. शक्यता मलाही मान्य आहे. परंतु शक्यता हा पुरावा नसतो. माधवांची श्रेढी असलेले भाषांतर, टिपण किंवा पत्र सतराव्या शतकातील युरोपात आढळलेले नाही, आणि दुसरीकडे न्यूटन व लायब्निझ यांची कच्ची टिपणे इतक्या विपुल प्रमाणात उपलब्ध आहेत की वॉलिस यांच्यापासून द्विपद प्रमेयापर्यंत आणि तिथून ज्येच्या श्रेढीपर्यंत न्यूटन कसे पोहोचले, याचा मार्ग पावलोपावली दिसतो. लायब्निझ यांच्यावर पुराव्यावाचून ठपका ठेवला म्हणून आपण १७१२ च्या समितीला दोष देतो. मग तीच कसोटी आपल्या बाजूच्या आरोपालाही लावणे भाग आहे. (न² + १) भागिले न(४न² + ५) यासारखा संस्कार सहज सुचणारा नाही, त्यामुळे तो एखाद्या जेझुइट पत्रात किंवा त्या काळच्या युरोपीय गणितीच्या वहीत मिळाला तर उगम ओळखायला वेळ लागणार नाही, आणि त्या दिवशी मी वर सुचवलेले भित्तिपत्रकाचे वाक्य बदलायला सांगेन.